साठच्या खाली

२७ जून
रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह

प्रति,
श्री. लडकू चिंधू भोईर,
शेडचा उत्तरेकडचा अर्धा भाग, भिवंडी

विषय : सामाईक भिंतीवरून येणारा दमटपणा

महोदय,

बाबांच्या माघारी शेडची वाटणी झाली तेव्हा वाटणीपत्रात कलम सात घालण्यात आलं. मधल्या भिंतीविषयी आपण दोघा भावांनी जे काही बोलायचं ते लेखी बोलायचं, असं ते कलम आहे. वकिलांनी ते का घातलं हे आपणांस ठाऊक आहेच. तोंडी बोलणी चालू असताना आपण माझ्या दिशेने सुताच्या कांड्यांचं भरलेलं टोपलं फेकलं होतं. म्हणून हे पत्र.

आपणांस कळवण्यात येतं की पूर्णा गावच्या गोदामातली अकरा वर्षांची सुपरवायझरची ड्युटी सोडून मी माझ्या अर्ध्या भागात स्वतःचं गोदाम सुरू केलं आहे. (वैशालीने कमळ वहिनींना फोनवर सांगितलंच असेल. पण ते तोंडी झालं.) मला भाडेकरूही मिळाला आहे. ही मंडळी उपवासाचे वेफर्स करतात: केळ्याचे, बटाट्याचे, रताळ्याचे. मोठ्या पिशव्यांतून सुटा माल इथे येतो आणि इथेच त्याची लहान पाकिटं भरली जातात. त्यांची अट एकच. हवेत ओल किती आहे ते दाखवणारं एक मीटर त्यांनी भिंतीवर लावलं आहे, ते साठच्या खाली राहिलं पाहिजे. नवरात्राच्या आधी त्यांच्या क्वालिटीच्या रीमा मॅडम शेवटची तपासणी करतील. साठच्या खाली असेल तर तीन वर्षांचा करार. वर असेल तर ते जाणार, आणि मी पुन्हा पूर्ण्याला दुसऱ्याच्या गोदामाच्या दारात उभा राहणार.

आज सकाळी मीटरवर चौऱ्याऐंशी होते.

माझ्याकडून मी कसूर ठेवलेली नाही. बाबांच्या शिकवणीप्रमाणे रोज सकाळी दोन तास सगळ्या खिडक्या उघडतो. "कोठाराला वारा दावावा, न्हाय तं भात घुसमटतो," असं ते म्हणायचे. मग ओल येते कुठून? उघड आहे. कापड विणताना लूमवरचा धागा तुटू नये म्हणून आपण फरशीवर पाणी मारता. ती वाफ भिंतीच्या डोक्यावरून, पत्र्याखालच्या फटीतून माझ्याकडे येते. तरी पाणी मारणं बंद करावं, आणि ती फट मला माझ्या खर्चाने बुजवू द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
कुमार चिंधू भोईर
प्रोप्रायटर


२ जुलै
इद्रिसभाईच्या हाती

चि. कुमार यास लडकूदादाचा आशीर्वाद.

तुझं रजिस्टर पत्र काल पोचलं. नऊ इंचांची भिंत ओलांडायला त्याला चार दिवस लागले. पोस्टमन म्हणाला, "ठाण्याला जाऊन आलंय, काका." आपल्या घरचं कोणी ठाण्याला गेलं की येताना काहीतरी खायला आणतं. तुझं पत्र हात हलवत आलं. मी उत्तर इद्रिसभाईच्या हाती देतोय. तो वीस वर्षं आपल्या लूमवर आहे आणि रस्ता चुकत नाही.

तू मला महोदय म्हटलंस. तुला खांद्यावर बसवून मी वज्रेश्वरीच्या जत्रेला नेलं होतं, तेव्हा माझी मान तू भर बाजारात ओली केली होतीस. दमटपणाची तक्रार मी तेव्हा लेखी केली नव्हती. आणि ते टोपलं रिकामं होतं.

आता पाण्याचं. अरे, या दिवसांत फरशीवर पाणी कोण मारतो? वरून देव मारतोय ते पुरेसं आहे. हवा ओली असली की सूत नरम राहतं, तुटत नाही. जी हवा तुझ्या वेफर्सच्या मुळावर आली आहे तिच्यावर माझे आठ लूम चालतात. एकाच छपराखाली देवाने दोघा भावांची अशी सोय लावली, त्याला मी काय करू?

फट बुजवता येणार नाही. लूमची गरमी आणि कापसाची उडती धूळ तिथूनच वर निघते. ती बंद केलीस तर इद्रिसभाई आणि कारीगर तव्यावरच्या भाकरीसारखे भाजतील. खिडक्या उघडतोस ते मात्र छान करतोस. बाबांचं ऐकणारा घरात एक तरी निघाला.

तुझा,
लडकूदादा


१९ जुलै
रजिस्टर पोस्टाने

महोदय,

आपलं पत्र मिळालं. टोपलं रिकामं नव्हतं.

रीमा मॅडम येऊन गेल्या. सकाळच्या उघड्या खिडक्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला. पावसाळ्यात भिवंडीची हवा आत घेणं म्हणजे ओला टॉवेल घरात आणून झटकणं, असं त्या म्हणाल्या. आतला माल एसीने गार असतो, त्यावर बाहेरची ओली हवा आली की पिशव्यांना घाम फुटतो. म्हणजे गेला महिनाभर मी रोज सकाळी दोन तास स्वतःच्या हाताने ओल आत घेत होतो. बाबांचा सल्ला असा कसा चुकला, कळत नाही.

एसीच्या बाबतीतही माझी फसगत झाली. दुकानदार म्हणाला मोठा घ्या, मी सगळ्यांत मोठे दोन घेतले. पाकिटं भरणाऱ्या बायका स्वेटर घालून येऊ लागल्या, पण मीटर जागचं हललं नाही. मॅडमचं म्हणणं, मोठा एसी झटकन गार करतो आणि थांबतो, ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. एवढं साधं मला पूर्ण्यात अकरा वर्षांत कोणी सांगितलं नाही. तिथे आम्ही मोटारींचे टायर ठेवायचो. टायर सादळत नाहीत.

तर आता खिडक्या कायमच्या बंद, दाराला प्लास्टिकच्या पट्ट्या, आणि मी हवेतलं पाणी ओढून काढणारं यंत्र आणलं आहे. फ्रिजएवढं आहे. दिवसाला चार बादल्या पाणी काढतं. मीटर एकाहत्तरवर आलं.

या पाण्याची नळी आपल्या बाजूच्या गटारात सोडली आहे. माझ्या बाजूला टेम्पो लागतात, तिथे जागा नाही. वाटणीपत्राप्रमाणे गटार सामाईक आहे, तरी हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावं.

आपला विश्वासू,
कुमार चिंधू भोईर


२४ जुलै
इद्रिसभाईच्या हाती

चि. कुमार,

हरकत नाही. तुझं सांडपाणी माझ्या बाजूला सोडायला मी मोठ्या मनाने परवानगी देतो. मोठा भाऊ म्हटलं की पोटात घालावंच लागतं.

बाबांचा सल्ला चुकला नाही. ते पौषातल्या कोरड्या वाऱ्याबद्दल बोलायचे. भात तेव्हा कोठारात जातं, आषाढात नाही. मला वाटलं तुला ठाऊक असेल, आणि ठाऊक असून तू करतोयस म्हणजे त्यात काही आधुनिक शास्त्र असेल. पूर्ण्याचा माणूस तू.

स्वेटरवाल्या बायका मी पाहिल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या लूमपाशी शेकायला येतात.

कमळने तुझ्यासाठी खायला वजड्या पाठवल्यात. ते भिंतीविषयी नाही, त्यामुळे उत्तराची गरज नाही.

लडकूदादा


१८ ऑगस्ट
रजिस्टर पोस्टाने

महोदय,

एक चमत्कारिक बाब आपल्या कानावर घालतो.

गेले दहा दिवस पाऊस नाही. श्रावणातलं कडक ऊन पडलं आहे, रस्त्यावर धूळ उडते आहे. मीटर खाली यायला हवं. ते शहात्तरवर चढलं. आणि यंत्र, जे आधी दिवसाला चार बादल्या पाणी काढत होतं, ते सात बादल्या काढतं आहे. जेवढं काढावं तेवढं वाढतं. रीमा मॅडम दोनदा येऊन गेल्या. त्यांनी पत्रा पाहिला, फरशी ठोकून पाहिली, माझ्या बाथरूमचा नळ स्वतः बंद करून पाहिला. शेवटी म्हणाल्या, "भोईर, एवढं पाणी येतंय कुठून? आकाशातून तर नाही."

आकाशातून नाही म्हणजे जमिनीतून. मी पडघ्याच्या बाजूचा एक पाणाड्या आणला. त्याने तळहातावर नारळ ठेवला आणि शेडभर फिरला. आपल्या भिंतीपाशी आला तसा नारळ उभा राहिला. मी डोळ्यांनी पाहिलं. त्याचं म्हणणं, खाली झरा आहे, आणि गरम आहे, म्हणून पाणी दिसत नाही, नुसती वाफ येते. वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं इथून काय लांब आहेत? एखादी शीर इकडे आली असेल.

मॅडमना हे सांगितलं. त्यांनी बाथरूमचा नळ पुन्हा एकदा बंद करून पाहिला.

तरी आपल्या बाजूला फरशी गरम लागते का, ते पाहून कळवावं.

आपला विश्वासू,
कुमार


२३ ऑगस्ट
इद्रिसभाईच्या हाती

चि. कुमार,

फरशी पाहिली. आठ लूम बारा तास चालले की ती गरमच असते, त्यामुळे देवीची की मोटारीची ते सांगता येत नाही. गरम झरा निघालाच तर तू वेफर्सचा नाद सोड आणि बाहेर पाटी लाव. वज्रेश्वरीला जाणारी निम्मी माणसं इथेच उतरतील. नारळाला मीही मानतो, पण भिंतीपाशी फरशी जरा उतरती आहे, तिथे उभा राहिलं की माणूसच तिरका होतो, नारळाचं काय घेऊन बसलास.

माझं बरं चाललंय. खरं तर बरंच बरं. दरवर्षी श्रावणातलं ऊन पडलं की धागा तुटायला लागतो, यंदा तुटत नाही. व्यापारी म्हणाला, "लडकूशेठ, असं एकसारखं कापड तुमच्याकडे कधी बघितलं नव्हतं." मी म्हटलं, देवीची कृपा.

मॅडमनी पत्रा पाहिला म्हणून मीही वर चढून बघणार होतो. कमरेने नाही म्हटलं.

लडकूदादा


१० सप्टेंबर

दादा,

हे रजिस्टर करत नाही. चार दिवस थांबायला वेळ नाही. वैशाली कमळ वहिनींकडे गौरीचं वाण घेऊन येते आहे, तिच्या हाती देतो.

गणपतीसाठी पाठवलेला माल परत आला. नऊशे पाकिटं. दुकानदारांनी एक पाकीट माझ्यासमोर फोडलं आणि वेफर वाकवून दाखवला. वेफर वाकला, दादा. मोडला नाही. पोळीसारखा घडी झाला. पाकिटावर छापलं आहे 'कुरकुरीत'.

मीटर अठ्ठ्याहत्तर. यंत्र आठ बादल्या.

रीमा मॅडमनी शेवटची तारीख दिली: सव्वीस सप्टेंबर. त्या दिवशी साठच्या वर असेल तर नवरात्राचा माल ते पूर्ण्याच्या गोदामात उतरवणार. मी ज्या दारात अकरा वर्षं उभा होतो, त्याच्या समोरचं गोदाम आहे ते. तिथली माणसं मला ओळखतात. ड्युटी सोडताना मी सगळ्यांना पेढे वाटले होते. आता परत गेलो तर ते हसणार नाहीत, आणि तेच मला सोसणार नाही.

काय चुकतंय ते कळत नाही. तुला काही सुचत असेल तर सांग. लेखी सांग, तोंडी सांग, टोपलं फेकून सांग.

कुमार


१२ सप्टेंबर
इद्रिसभाईच्या हाती. कमळलाही वाचू देऊ नकोस.

कुमार,

झरा सापडला. माझ्याकडेच आहे.

तुझ्या यंत्राची नळी गटारात सोडलीस, त्याच संध्याकाळी मी तिच्याखाली पिंप ठेवलं. पाणी बघितलं तर स्वच्छ, हाताला मऊ, क्षाराचा मागमूस नाही. टँकरचं पाणी फरशीवर मारलं की पांढरे डाग राहतात आणि सुतालाही लागतात. हे पाणी म्हणजे नुसतं अमृत. ऊन पडलं तसं मी ते फरशीवर मारायला लागलो. सकाळी दोन बादल्या, दुपारी दोन. मग तू सात बादल्या काढायला लागलास तशा सात. माझं कापड एकसारखं झालं ते त्यामुळे. देवीला मी उगाच मधे घेतलं.

मला वाटलं, तू टाकून दिलेलं पाणी आहे, घेतलं तर कोणाचं काय जातं. तुला सांगितलं असतं तर तू कलम सात काढलं असतंस. म्हणून गप्प बसलो. तू पाणाड्या आणलास तेव्हाही गप्प बसलो, आणि तुझी चेष्टा केली.

परवा इद्रिसभाई फरशीवर पाणी मारता मारता थांबला. त्याने वर फटीकडे बघितलं, मग तुझ्या नळीकडे बघितलं, मग म्हणाला, "सेठ, ये तो वही पानी घूम रहा है।" त्याचं बरोबर आहे. तुझं यंत्र हवेतून पाणी काढतं, नळीने माझ्याकडे देतं. मी ते फरशीवर मारतो, गरम फरशीवर त्याची वाफ होते, वाफ फटीतून तुझ्याकडे येते, तुझं यंत्र ती पितं आणि पुन्हा मला देतं. तू जेवढं जास्त काढशील तेवढं मी जास्त मारणार. साठ सोड, जन्मभर ते यंत्र चालवलंस तरी मीटर खाली आलं नसतं.

तुझ्या वेफर्सची घडी मी घातली, कुमार. मला फार वाईट वाटतंय. हे लिहायला दोन दिवस घेतले.

आता ऐक. सोमवारपासून लूम बंद ठेवतो. फट प्लास्टिकने पक्की बुजवून घे, मी हरकत घेत नाही, हेच लेखी आहे असं समज. फट बुजली की आत इतकं तापेल की लूम चालवताच येणार नाहीत, म्हणून बंदच बरे. कारीगर तेवढ्यात गावी जाऊन येतो म्हणतात, इद्रिसभाई थांबेल. मी पडघ्याला हेमालीकडे जातो. लेकीचं घर आहे, बापाला दहा दिवस ठेवून घेईल.

सव्वीसपर्यंत तुला कोरडी हवा मिळेल.

लडकूदादा


१३ सप्टेंबर
इद्रिसभाईच्या हाती

दादा,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मलाही एक सांगायचं आहे, आणि ते तुझ्याइतकंच वेडगळ आहे.

पिंप मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

प्लंबरने नळी पुढच्या बाजूला सोडायचं म्हटलं होतं. टेम्पो लागतात हे खरं, पण टेम्पोखालून नळी जाते. मीच त्याला म्हटलं, मागे काढ, दादाच्या बाजूला. मागच्या उन्हाळ्यात तू कमरेला पट्टा बांधून टँकरवरून कॅन आणत होतास ते मी ड्युटीला निघण्याआधी घराच्या खिडकीतून रोज बघायचो. मधेच कॅन खाली ठेवून भिंतीला हात टेकून उभा राहायचास. मला बाहेर येऊन कॅन उचलता आला असता. नाही आलो. तू काहीतरी बोलशील, मी काहीतरी बोलेन, असं वाटलं. म्हणून नळी. म्हटलं, ह्याला घरबसल्या पाणी मिळेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. पिंप दिसलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

पुढे तेच पाणी वरून परत येतं आहे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी नारळ घेऊन फिरत राहिलो. म्हणजे पावसाळाभर आपण दोघे एकच बादली इकडून तिकडे फिरवत होतो, आणि विजेचं मीटर तेवढं पुढे जात होतं.

रीमा मॅडमना काय सांगू? झरा आटला म्हणून सांगतो.

तू जातो म्हणतोस तर जा. मला नाही म्हणवत नाही. माझं सगळं ह्याच्यावर आहे.

कुमार


२१ सप्टेंबर
पडघा

चि. कुमार,

हेमालीच्या घरी सुखरूप आहे. जावई कुणाल इथल्याच एका गोदामात ड्युटीला जातो. घर नवं आहे, पण कपाटामागे ही एवढी बुरशी. बघतो तर काय, बाहेर पाऊस म्हणून ओले कपडे आत वाळत टाकतात आणि एसी लावून दारं-खिडक्या बंद. मी म्हटलं, अगं, कपड्यातलं पाणी जाईल कुठे? स्वयंपाकघरात पंखा बसवून घेतला, कपडे त्या खोलीत नेले आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. म्हणजे कुणालने ओढलं, मी उभा राहून सांगितलं. जावईबापू म्हणाले, "सासरे इंजिनीयर झाले." तीन महिने तुझ्याशी पत्रव्यवहार केला, एवढं तरी यायला हवं.

हे सगळं झालं पहिल्या दोन दिवसांत. पुढे मला काम नाही. रस्त्यावरचे ट्रक मोजतो. माणसाच्या कानाला चाळीस वर्षं लूमच्या खटखटीची सवय झालेली असते. इथे एवढी शांतता आहे की हेमाली चहा ढवळते तेही ऐकू येतं.

म्हणून विचार करायला वेळ मिळाला. तपासणी झाली की ती मंडळी तुला विचारणारच: हे लूम परत चालू झाले तर? तेव्हा तू तोंडात गुळणी धरून उभा राहशील, मी ओळखतो तुला. म्हणून आधीच लिहून देतो. त्यांना सांग, लूम कायमचे बंद. हेच पत्र दाखव. मी त्रेसष्टचा झालो, कंबर गेली, आठ लूमवर आता कोणाचं आयुष्य उभं राहत नाही. तुझ्या पुढ्यात अजून पंधरा वर्षं आहेत. इद्रिसभाईशी मी बोलेन, ते सगळ्यांत अवघड आहे, पण बोलेन. लूमचं काय करायचं ते आल्यावर बघू. भंगारवाला आहेच.

मीटर किती आहे ते कळव. मला उत्सुकता आहे.

लडकूदादा


२७ सप्टेंबर
स्पीड पोस्टाने, पडघा

दादा,

काल तपासणी झाली. बाहेरून कळण्याआधी मीच सांगतो.

रीमा मॅडम सकाळी दहाला आल्या. भिंतीवरच्या मीटरवर विश्वास नको म्हणून स्वतःचं दुसरं आणलं होतं. दोन्हींवर सत्तावन्न. त्यांनी एका पिशवीतला वेफर काढला आणि माझ्या कानाजवळ मोडला. म्हणाल्या, "ऐकलंत?" खरंच छान आवाज आला. बाहेर पाऊस धो धो पडत होता आणि आत एवढी कोरडी हवा, की पाकिटं भरणाऱ्या बायका ओठांना तूप लावत होत्या. मॅडमनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. कागद काढले. तीन वर्षं. आणि तू म्हणाला होतास तेच झालं. त्या म्हणाल्या, एकच ओळ घालू या, शेजारचे लूम कायम बंद राहतील. भावाचं लेखी मिळेल ना?

लेखी माझ्या खिशात होतं. नुसतं काढायचं होतं.

आता तुला खरं सांगतो. हे दहा दिवस भिंतीपलीकडून आवाज नव्हता. मीटर रोज उतरत होतं, सत्तर, पासष्ट, एकसष्ट, मला नाचायला हवं होतं, आणि मला जेवण जात नव्हतं. वैशालीने विचारलं, "तुमाला बरं न्हाय का?" मी म्हटलं, हवा फार कोरडी झाली आहे. वाटणी झाल्यापासून तुझ्याशी धड बोललो नाही, पण सकाळी पलीकडे लूम सुरू झाले की मला कळायचं की तू उठलास, आलास, कंबर आज बरी आहे. एवढ्यावर माझं चालत होतं. परवा मी भिंतीला कान लावून उभा होतो. इद्रिसभाईने दारातून बघितलं आणि आला तसा परत गेला.

मॅडमनी पेन पुढे केलं. मी त्यांना म्हटलं, एक मिनिट. शिडी घेतली, भिंतीला लावली, वर चढलो आणि फटीवरचं सगळं प्लास्टिक ओढून काढलं. वरूनच इद्रिसभाईला ओरडून सांगितलं, चालू करा. त्याने विचारलं, "कौन सा, छोटे सेठ?" मी म्हटलं, सगळे.

खाली उतरेपर्यंत मीटर त्रेसष्ट झालं होतं. मग सहासष्ट. मॅडम आधी मीटरकडे आणि मग माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "भोईर, हे वर चाललंय." मी म्हटलं, हो मॅडम, जाणार. पलीकडे माणसं काम करतात. त्यांनी कागद परत पिशवीत ठेवले. रागावल्या नाहीत, बाई चांगली आहे. जाताना म्हणाल्या, पूर्ण्याच्या गोदामात त्यांना ओलीवर लक्ष ठेवायला माणूस हवा आहे, आणि एवढ्या चुका करून शिकलेला दुसरा माणूस त्यांना भेटलेला नाही. एक तारखेपासून मी तिथे ड्युटीवर जातो. वेफर्स तेच, मीटर तेच, दार दुसऱ्याचं. पहिल्या दिवशी पेढे मात्र नेणार नाही.

माझा अर्धा भाग रिकामा राहणार नाही. कमळ वहिनींनी एका वाक्यात सोडवलं. म्हणाल्या, "ज्याला ओल लागते तोच माल ठेवा की." आपल्या भागात इतके लूमवाले आहेत, सूत गुंडाळलेले बीम पत्र्याखाली वाळतात आणि धागे तुटतात म्हणून रडतात. तिघांना विचारलं, तिघे हो म्हणाले. भाडं किरकोळ आहे. भिवंडीत ओली जागा कोणी मोलाची समजत नाही. कोरडी करून देण्यासाठी मात्र मी कर्ज काढणार होतो. यंत्र बंद करून ठेवलं आहे. आज मीटरवर ब्याऐंशी आहे आणि कोणीही माझ्यावर ओरडलेलं नाही.

तुझं ते पत्र मी फाडून टाकलं. भंगारवाल्याचं नाव पुन्हा काढू नकोस.

इद्रिसभाईने सगळे लूम चालवायला घेतलेत, पण सात नंबरचा दर चार हाताला धागा तोडतो. त्याने खूप खटपट केली. म्हणतो, "बड़े सेठ के बगैर ये नहीं मानेगा।" मीही हात लावून बघितला, मला तर त्याने जवळही येऊ दिलं नाही.

पडघ्याहून सकाळची गाडी पकड. मी स्टँडवर उभा राहतो. मला करमत नाही, दादा.

कुमार